एल्टनची ‘आक्रमण’ संकल्पना आणि गाजरगवत : एक चिकित्सा

प्रस्तावना

परप्रदेशातून आलेल्या वनस्पती, कीटक आणि रोगकारक बुरशी यांच्या प्रसाराला ‘आक्रमण’ म्हणण्याची पद्धत इतकी रूढ झाली आहे की, हे मुळात एक रूपक आहे याचा विसर पडतो. या रूपकाला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून देण्यात इंग्रज परिस्थितिवैज्ञानिक चार्ल्स एल्टन (१९००–१९९१) यांच्या ‘द इकॉलॉजी ऑफ इन्व्हेजन्स बाय ॲनिमल्स अँड प्लँट्स’ (१९५८) या ग्रंथाचा वाटा मोठा आहे. प्रस्तुत लेखात या ग्रंथातील भूमिकेची चिकित्सा भारतातील गाजरगवत आणि त्याच्याशी निगडित असलेला भुईमुगाचा विषाणुरोग यांच्या आधारे केली आहे. ग्रंथातील युद्धाची भाषा वाचकांनी उचलली. मात्र त्याच ग्रंथातील जमिनीच्या व्यवस्थेविषयीचा विचार उपेक्षित राहिला, असे येथे प्रतिपादन केले आहे.

ग्रंथाची भाषा आणि तिची पार्श्वभूमी

एल्टन यांचा ग्रंथ १९५७ मध्ये बीबीसी रेडिओवर दिलेल्या भाषणांतून आकाराला आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑक्सफर्ड येथील त्यांची संस्था धान्याची नासाडी करणाऱ्या उंदीर-घुशींच्या नियंत्रणाचे काम करीत होती. युद्ध नुकतेच संपलेले आणि अणुबाँबचे भय ताजे, अशा वातावरणात त्यांनी जीवसंख्येच्या अचानक वाढीला ‘स्फोट’ म्हटले आणि परक्या जातींच्या प्रसाराला ‘आक्रमण’. सामान्य श्रोत्याला विषयाचे गांभीर्य पटविण्यासाठी ही भाषा प्रभावी ठरली, यात शंका नाही.

तथापि या भाषेची एक मर्यादा आहे. तिच्यामुळे सर्व कर्तृत्व येणाऱ्या जीवाकडे जाते. एल्टन यांनीच दिलेले अमेरिकन चेस्टनट वृक्षाचे उदाहरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील चेस्टनट वृक्षांवर एक करपा आढळला. आशियाई रोपांबरोबर आलेल्या बुरशीमुळे होणाऱ्या या रोगाने पुढील काही दशकांत अब्जावधी झाडे मारली. परंतु हीच बुरशी आशियातील चेस्टनट जातींवर दीर्घकाळ नांदत आली आहे आणि तेथे तिने जंगले उजाड केली नाहीत. म्हणजे विध्वंसकता हा केवळ बुरशीचा अंगभूत गुण नव्हे. ज्या यजमान वृक्षाला तिचा पूर्वपरिचय नव्हता, त्याच्याशी जुळलेल्या नव्या संबंधातून ती निर्माण झाली. वनस्पतिरोगशास्त्र रोगाचा विचार यजमान, रोगकारक आणि परिस्थिती या त्रिकोणातून करते. ‘आक्रमण’ या शब्दात त्या त्रिकोणाचा एकच कोन उरतो.

गाजरगवताची कथा आणि तिची तपासणी

महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत परिचित रूप म्हणजे गाजरगवत अथवा काँग्रेस गवत (पार्थेनियम हिस्टेरोफोरस). मूळच्या उष्णकटिबंधीय अमेरिकेतील या वनस्पतीची पुण्यातील कचऱ्याच्या ढिगांवरील नोंद १९५०च्या दशकाच्या मध्यास झाली आणि ती १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ‘पीएल-४८० च्या गव्हाबरोबर ते आले’ ही समजूत सर्वश्रुत आहे. परंतु त्या योजनेखालील भारत-अमेरिका करार ऑगस्ट १९५६ मधला आहे. १९५१ मध्येही अमेरिकेकडून कर्जाऊ गहू आला होता. त्यामुळे गव्हाचा मार्ग अशक्य ठरत नाही, मात्र प्रचलित कथा जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. शिवाय या वनस्पतीच्या भारतातील एकोणिसाव्या शतकातील नोंदीही अभ्यासकांनी पुढे दाखवून दिल्या आहेत.

या तपशिलाचे महत्त्व केवळ कालनिर्णयापुरते नाही. वनस्पती देशात येणे आणि ती देशभर पसरणे या दोन स्वतंत्र घटना आहेत. पहिलीसाठी एखादे बी पुरते; दुसरीसाठी मोकळी, उकरलेली, चराईने उघडी पडलेली जमीन लागते. गाजरगवताच्या एका झाडापासून हजारो बिया तयार होतात आणि जनावरे ते सहसा खात नाहीत. रस्त्यांच्या कडा, बांधकामांचे भराव, पडीक वावरे आणि कचऱ्याच्या जागा स्वातंत्र्योत्तर काळात वाढत गेल्या. तेथे स्थानिक गवते आणि झुडपे टिकली नाहीत. ती जागा गाजरगवताने घेतली. ‘आक्रमण’ हा शब्द पहिल्या घटनेवर बोट ठेवतो आणि दुसरीला झाकतो.

बांधावरचे तण आणि शेतातला रोग

परके तण आणि वनस्पतिरोग यांचा संबंध किती गुंतागुंतीचा असू शकतो, हे २००० साली आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यात दिसले. त्या खरिपात सुमारे सव्वादोन लाख हेक्टरवरील भुईमूग शेंड्यापासून काळा पडून करपला. नुकसान ३०० कोटी रुपयांहून अधिक असल्याचा अंदाज होता. लक्षणे परिचित शेंडेमर रोगासारखी असली, तरी कारण निराळे निघाले : टोबॅको स्ट्रीक विषाणू. गाजरगवत हा या विषाणूचा मूक वाहक होता. त्या झाडावर रोगाचे कोणतेही लक्षण दिसत नाही. पण त्याच्या परागकणांत विषाणू असतो. फुलांत वावरणारे फुलकिडे अंगावर पराग घेऊन भुईमुगाच्या कोवळ्या पानांवर जातात, पाने खरवडतात आणि त्या जखमांतून विषाणू रोपात शिरतो.

या घटनेत आक्रमक कोणाला म्हणावे? तण, विषाणू की कीटक? यांपैकी कोणताही एक घटक एकटा साथ घडवू शकला नसता. सलग पसरलेले एकाच पिकाचे क्षेत्र, तणाने भरलेले बांध व पडीक तुकडे आणि पीक कोवळे असतानाच गाजरगवताला आलेला फुलोरा या सर्वांचा मेळ बसला, तेव्हा साथ आली. म्हणूनच शिफारशींतही परिस्थिती बदलण्यावर भर होता : गाजरगवत फुलण्यापूर्वी उपटावे, भुईमुगाभोवती ज्वारी किंवा बाजरीच्या दाट ओळी पेरून फुलकिड्यांना अटकाव करावा, रोपांची संख्या विरळ ठेवू नये.

एल्टन यांच्या उपायांचे पुनर्मूल्यमापन

येथे एल्टन यांच्या ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणांकडे वळणे आवश्यक ठरते. मोजक्याच जातींचे साधे समाज परक्या जातींना लवकर बळी पडतात, म्हणून शेतांभोवतीची कुंपणे आणि रस्त्याकडेचे हिरवे पट्टे जपून विविधता राखावी, असा त्यांचा आग्रह होता. एकपिकी शेतीच्या धोक्याविषयीचे त्यांचे म्हणणे अनंतपूरच्या अनुभवाने बळकट होते. मात्र त्याच अनुभवाने त्यांच्या उपायाला एक दुरुस्तीही सुचविली आहे. एल्टन ज्या कडेच्या पट्ट्यात संरक्षण पाहतात, त्याच पट्ट्यात अनंतपूरला विषाणूचे आगर होते. बांध राखला एवढे पुरेसे नाही. त्यावर काय उगवते, हे निर्णायक आहे. नंतरच्या संशोधनानेही त्यांच्या सिद्धांताला मर्यादा घातल्या. लहान प्रायोगिक वाफ्यांत विविधता परक्या जातींना रोखताना दिसते. विस्तीर्ण प्रदेशांत मात्र जेथे स्थानिक जाती अधिक, तेथे परक्या जातीही अनेकदा अधिक आढळतात.

केवळ परकेपणावर बोट ठेवल्याने उपाययोजनेतही गोंधळ होतो. गाजरगवताला हटविण्यासाठी कॅसिया युनिफ्लोरा या वनस्पतीचा पुरस्कार झाला. तीही मूळची अमेरिकेतीलच. १९८४ मध्ये बंगळुरू येथे सोडण्यात आलेला मेक्सिकन भुंगाही परदेशीच होता. उलट टोकाला जाऊन परकेपणाचा विचारच सोडावा, असेही म्हणता येत नाही. २०११ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातून एकोणीस शास्त्रज्ञांनी, जातींचे मूल्यमापन उगमावरून न करता परिणामांवरून करावे, असे आवाहन केले. त्यावर शंभरहून अधिक शास्त्रज्ञांनी आक्षेप नोंदविला, कारण परिणाम पुष्कळदा दशकांनंतर प्रकट होतात. चेस्टनटचा करपा आल्यावर थोपविता आला नाही, हे लक्षात घेता विलग्नवासाची आवश्यकता निर्विवाद आहे.

निष्कर्ष

‘आक्रमण’ हे रूपक बंदरावरील तपासणीसाठी उपयुक्त आहे, कारण तेथे प्रश्न प्रवेशाचा असतो. जीव एकदा रुजल्यानंतर मात्र ते दिशाभूल करते. त्यानंतरचे प्रश्न जमिनीविषयीचे असतात : कोणत्या पडीक तुकड्याने त्याला जागा दिली, कोणत्या पीकपद्धतीने त्याचे नुकसान वाढविले आणि त्या तुकड्याची देखभाल कोणाची? रस्त्याची कडा आणि गावठाणाची मोकळी जागा कोणा एका शेतकऱ्याच्या ताब्यात नसते. तेथून उडालेल्या परागाचा भुर्दंड मात्र त्यालाच पडतो. गाजरगवत उपटण्याच्या मोहिमा वर्षातून एकदा होतात आणि मोकळी झालेली जागा तशीच सोडली जाते. त्या जागी पुन्हा स्थानिक गवत उभे करणे हे एल्टन यांच्या ग्रंथाच्या उत्तरार्धाशी सुसंगत असे काम आहे, आणि तेच आजवर सर्वांत कमी झाले आहे.