शिक्षा : मराठीतली आणि हिंदीतली

दिल्लीत नव्याने बदलून आलेल्या मराठी माणसाला ‘शिक्षा मंत्रालय’ ही पाटी वाचून प्रथम हसू येते. हिंदीत जे शिक्षण, ते मराठीत शासन! आर. एस. प्रसन्ना यांचा ‘सितारे जमीन पर’ (२०२५) हा दिल्लीत घडणारा विनोदी क्रीडापट या दोन अर्थांच्या मधोमध उभा आहे, असे आम्हांस वाटते.

साहाय्यक बास्केटबॉल प्रशिक्षक गुलशन (आमिर खान) वरिष्ठावर हात उगारतो, मद्याच्या अमलात पोलिसांच्या गाडीवर मोटार आदळतो. आणि न्यायालय त्याला बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंचा संघ तीन महिने शिकवण्यास फर्मावते. मूळ कथा ‘काम्पेओनेस’ (२०१८) या स्पॅनिश चित्रपटाची. त्या देशात या विषयामागे एक लाजिरवाणा इतिहासही आहे. २००० सालच्या सिडनी पॅरालिंपिकमध्ये याच गटात सुवर्णपदक मिळवणाऱ्या स्पॅनिश बास्केटबॉल संघातील १२ पैकी १० खेळाडूंना अशी कोणतीही अक्षमता नव्हती! पदक परत गेलेच. पण जगभरच्या खऱ्या खेळाडूंनाही २०१२ च्या लंडन स्पर्धेपर्यंत दार बंद झाले. अपराध धडधाकटांचा, शिक्षा इतरांना.

हा चित्रपट ते माप उलटे करतो, हे त्याचे श्रेय. येथे हसू होते ते गुलशनचे. संघातील दहाही भूमिका तशाच व्यक्तींनी केल्या असल्याने विनोदात नक्कल उरत नाही. गोपीकृष्ण वर्मा यांचा पाण्याला भिणारा गुड्डू आणि सिमरन मंगेशकर यांची बेधडक गोलू ही पात्रे कोणाच्या दयेची वाट पाहत नाहीत. अंतिम सामना हरूनही संघ विजेत्यांच्या आनंदात सामील होतो, तेव्हा गुलशनबरोबर प्रेक्षकही थोडा खजील होतो.

मात्र दिग्दर्शकाचा आपल्या खेळाडूंवर पुरता विश्वास नाही. जे त्यांच्या वागण्यातून आपसूक कळते, तेच कर्तारसिंगांच्या तोंडून पुन्हा समजावून दिले जाते. शिवाय गुलशन-सुनीता यांच्या संसाराचा प्रश्न इतकी जागा व्यापतो की, दहा जणांची घरे आपल्याला ओझरतीच दिसतात. गुलशन सुधारला, पण तो नसताना ही मंडळी कशी जगत होती आणि पुढे कशी जगणार, हे विचारायला अडीच तासांहून अधिक अवधीतही सवड मिळत नाही.

सेवेतील वाचकांना हा प्रश्न परका नाही. २०१६ च्या कायद्याने शासकीय नोकरीत दिव्यांगांसाठी ठेवलेल्या ४ टक्के जागांपैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता इत्यादी गटांना मिळून आहे. अशी व्यक्ती उद्या आपल्या शाखेत शेजारच्या मेजावर रुजू झाली, तर तिच्याशी कसे वागावे हे सांगणारा न्यायाधीश तेथे नसेल. हिंदीतली शिक्षा आपण तेव्हा आपणहून घेतो की नाही, हे पाहायचे. त्या दिवसाआधी हा चित्रपट सहकुटुंब पाहून ठेवावा, अशी आम्ही अवश्य शिफारस करतो.