तीन गळ्यांची बेरीज

‘आय हॅव सीन ऑल गुड पीपल’ सुरू होतं तेव्हा वाद्यं गप्प असतात. नुसते गळे. एकट्या गायकाच्या सुरावर पोसलेल्या आपल्या कानाला इथे चुकल्यासारखं होतं. मुख्य चाल कोणती आणि साथीची कोणती, ते चटकन कळत नाही. मी कित्येक दिवस जॉन अँडरसनच्या उंच, कोवळ्या आवाजाचं बोट धरूनच येस या ब्रिटिश बँडचा ‘द येस अल्बम’ (१९७१) ऐकत होतो. मग एकदा मुद्दाम ख्रिस स्क्वायरच्या आवाजामागे गेलो, आणि ओळखीचं गाणं पार वेगळं ऐकू आलं. स्क्वायर लहानपणी चर्चच्या गायनवृंदात गायचा. त्याची बेस गिटारही तशीच: खाली बसून ठेका धरण्यापेक्षा स्वतःची चाल गात सुटणारी. तिसरा गळा नव्यानेच आलेल्या गिटारवादक स्टीव्ह हाऊचा.

याच गाण्याच्या पूर्वार्धात पुढे चर्चमधल्यासारखा ऑर्गन भरून येतो आणि मागे लेननच्या ‘गिव्ह पीस अ चान्स’ची ओळ पुसट ऐकू येते. उत्तरार्धात धांगडधिंगा. शेवटी तीच ओळ पुन्हापुन्हा येते, पण दर खेपेला पट्टी एक पायरी खाली. लोकप्रिय गाणी टाळ्या घ्यायला शेवटी पट्टी चढवतात; हे लोक उतरवतात, आणि आवाज विरत जातो.

शब्दांचं काय? अँडरसनचे शब्द अर्थापेक्षा नादासाठी निवडलेले असतात, हा आक्षेप जुना आहे आणि बराचसा खरा आहे. म्हणूनच ‘युअर्स इज नो डिस्ग्रेस’ मला अडवतं. गाणं युद्धावर पाठवलेल्या सैनिकांविषयी आहे, असं अँडरसनने सांगितलंय, काळ व्हिएतनामचा. आणि संगीत? घोडदौड, उमदा ऑर्गन, मग एकत्र येणारे गोड आवाज. इतक्या गोडव्यात मरण झाकलं जात नाही का? काही दिवस मला तसंच वाटे. आता वाटतं, लाज तुझी नव्हे, हे एकट्याने म्हटलं असतं तर ती कीव झाली असती. इथे तिघं मिळून म्हणतात, म्हणून ते खांद्यावर हात ठेवल्यासारखं होतं. अर्थात गोडवा थोडा कमी असता तरी चाललं असतं.

‘अ व्हेंचर’ आलं-गेलं कळत नाही. ‘क्लॅप’ हा हाऊचा एकट्याचा, प्रेक्षकांसमोर वाजवलेला गिटारचा तुकडा. मजेदार, पण पाहुणा.

‘स्टारशिप ट्रूपर’चा शेवटचा भाग मात्र सोडू नका. तीनच कॉर्ड, गोलगोल, हळूहळू फुगत जाणारे. मग हाऊची गिटार डाव्या-उजव्या कानात स्वतःशीच भांडू लागते. गळे केव्हाच थांबलेले असतात, आणि त्यांची जागा कान धरून ठेवतो.