‘संस्कृती’ लिहून मोकळं होता येत नाही

‘पेट’ची तयारी करणाऱ्या मित्रांनो, संशोधन प्रस्तावात एक वाक्य हमखास भेटतं: ‘समाजाची मानसिकता वेगळी, म्हणून कायदा वेगळा.’ ऐकायला पटतं. पण भारत आणि नेपाळमधल्या समलिंगी हक्कांवर ते लावून बघा.

दोन्हीकडे हिंदू बहुसंख्य, लग्न घरच्यांनी ठरवायचं, जातीचा धाक सारखा, सीमाही खुली. तरी डिसेंबर २००७ मध्ये नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने सुनील बाबू पंत खटल्यात भेदभाव करणारे कायदे बदलायला सांगितलं, समलिंगी विवाहाच्या अभ्यासासाठी समिती नेमायला लावली. आपल्याकडे कलम ३७७ मधून सुटका व्हायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडला. विवाहाचा प्रश्न १७ ऑक्टोबर २०२३ ला न्यायालयाने संसदेकडे सोपवला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नेपाळच्या लमजुंग जिल्ह्यात असा एक विवाह नोंदला गेला.

आता पद्धतीचा मुद्दा. आपल्या बुलढाण्याचंच घ्या. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला, जालना मात्र १९४८ पर्यंत निजामाकडे राहिला. देऊळगाव राजा आणि जालना यांची बोली, सोयरिकी, बाजार एकमेकांत मिसळलेले. कारभार तेवढा वेगळा. सीमेच्या दोन्ही अंगांना जे सारखंच आहे, ते फरकाचं कारण कसं होईल?

मग दुसरं तयार उत्तर येतं: ३७७ इंग्रजांनी आणलं, नेपाळ त्यांच्या ताब्यात नव्हता. यात तथ्य आहे, पण भूतान बघा. तोही इंग्रजांची वसाहत नव्हता, तरी त्याच्या २००४ च्या दंडसंहितेत असंच कलम होतं. ते २०२१ मध्ये गेलं. म्हणजे वसाहतवादही एकटा पुरत नाही. नेपाळमध्ये २००६ च्या जनआंदोलनानंतर राज्यघटनाच नव्याने लिहिली जात होती. २०१५ च्या घटनेत लैंगिक अल्पसंख्याकांचा उल्लेख आला, तो या काळाशी जोडून वाचायला हवा.

‘नेपाळ पुढे, भारत मागे’ हा निष्कर्षही घाईचा आहे. तिथली विवाहनोंद २०२३ च्या अंतरिम आदेशावर, तात्पुरत्या नोंदवहीत झाली; देवानी संहितेतली विवाहाची व्याख्या स्त्री-पुरुष अशीच आहे. म्हणून ‘हक्क आहे का?’ एवढंच न विचारता तो कायद्यात आहे, घटनेत आहे की नुसत्या आदेशात, हे वेगवेगळं नोंदवा.

हा शब्दांचा कीस नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारने ही मागणी शहरी उच्चभ्रूंची असल्याचं न्यायालयात सांगितलं. निकालात सरन्यायाधीशांनी ते नाकारलं. आपल्या प्रबंधाने ‘संस्कृती’ हेच कारण ठरवलं, तर सिंदखेड राजा किंवा चिखलीकडच्या जोडप्याला ‘समाज तयार होईपर्यंत थांबा’ एवढंच सांगता येतं. कारण कायद्यात आणि संस्थांत सापडलं, तर बदल कोणी करायचा हे तरी विचारता येतं.

प्रस्तावात ‘मानसिकता’ लिहिलं असेल, तर समोर दोन रकाने आखा: सारखं काय, वेगळं काय. कारण दुसऱ्या रकान्यात शोधा, आणि सापडलं की तिसऱ्या देशावर तपासा.