भूमी कोणाची, मेंढी कोणाची? : माओरी भूविकास योजनांच्या परिभाषेची चिकित्सा

न्यूझीलंडमधील माओरी जमिनींच्या शासनसाहाय्यित विकासाविषयीची चर्चा बहुधा दोन पक्षांत विभागलेली आढळते. एका पक्षाचे म्हणणे असे की, १९२९ नंतर शासनाने भांडवल व तज्ज्ञांचे मार्गदर्शन पुरविले आणि त्यामुळे पडीक जमिनींवर मेंढपालन व दुग्धव्यवसाय उभा राहिला. दुसऱ्या पक्षाच्या मते साहाय्य हे केवळ निमित्त होते; प्रत्यक्षात जमिनींचा कारभार मालकांच्या हातून सरकारी खात्याच्या हाती गेला. पुरावा दोन्ही पक्षांजवळ आहे. परंतु ज्या शब्दांच्या आधाराने हा वाद चालतो ते शब्द पारखून घेण्याची गरज दोघांनाही फारशी वाटलेली दिसत नाही. 'पडीक', 'विकास', 'हिस्सा', 'किफायतशीर' हे शब्द वरवर निरुपद्रवी वाटतात. वस्तुतः त्यांतच धोरणाचा निवाडा आधी होऊन गेलेला असतो. प्रस्तुत लेखाचा विषय ही परिभाषा होय.

प्रथम 'पडीक' हा शब्द घेऊ. १८६० च्या दशकातील कायद्यांनी स्थापन झालेल्या नेटिव्ह लँड कोर्टाने समूहाच्या जमिनीचे रूपांतर नामनिर्दिष्ट व्यक्तींच्या हिश्श्यांत केले. मालक मृत झाला म्हणजे त्याचा हिस्सा सर्व अपत्यांत वाटला जाई. त्यामुळे प्रत्येक पिढीगणिक नावे वाढत आणि हिस्से घटत गेले. आपल्याकडील वाचकाला येथे १९४७ च्या मुंबई राज्याच्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याची आठवण होईल. परंतु दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. आपल्याकडे मुख्यतः शेताचे तुकडे पडत होते. तेथे शेत अखंड असूनही कागदावरील हक्काचे तुकडे पडत होते. शेकडो नावांच्या अशा जमिनीवर कर्ज द्यायला कोणतीही पतसंस्था सहजासहजी तयार होत नसे. म्हणजे जमीन 'पडीक' राहण्याचे एक प्रमुख कारण कायद्यानेच निर्माण केले होते. शब्दाने मात्र दोष मालकाच्या पदरी टाकला. निसर्गाचाही त्यात वाटा होता. रोतोरुआच्या परिसरातील ज्वालामुखीजन्य मातीत जनावरे चाऱ्याची उणीव नसतानाही झुरून मरत, आणि तेथे युरोपीय वसाहतकारांनाही हार खावी लागली होती. मातीत कोबाल्टची कमतरता आहे हे १९३० च्या दशकात निश्चित झाले व खतातून कोबाल्ट देण्याचा उपाय सापडला. तोपर्यंत ज्याला आळस म्हटले गेले, त्याचा उलगडा पुष्कळ अंशी मृत्तिकाशास्त्रात होता.

ह्या पार्श्वभूमीवर आपिराना ङाता (१८७४–१९५०) ह्यांचे कार्य पाहिले पाहिजे. ङाती पोरोउ समाजातील हे पदवीधर नेते माओरी गीतांचे थोर संग्राहक होते, आणि १९२८ ते १९३४ ह्या काळात नेटिव्ह खात्याचे मंत्रीही होते. त्यांच्या पुढाकाराने झालेल्या १९२९ च्या कायद्यान्वये माओरी जमिनींच्या विकासासाठी शासकीय निधी प्रथमच मोठ्या प्रमाणावर उपलब्ध झाला. रोतोरुआजवळील होरोहोरो ही आरंभीच्या योजनांपैकी एक. वाइकातोत ते पुएआ हेराङी ह्यांच्या नेतृत्वाखाली अशाच योजना चालल्या. झुडुपे तोडणे, गवताचे बी पेरणे, सुपरफॉस्फेट घालणे, कुंपणे उभारणे, गायी आणणे अशी ही कामे होती. हक्कांची पूर्ण फेरमांडणी होईपर्यंत थांबण्याऐवजी काम आधी सुरू करावे आणि ते समूहाच्या नेत्यांमार्फत करावे, ही ङातांची भूमिका होती.

आता भाषेकडे वळू. माओरी भाषेत स्वामित्वाचे दोन प्रकार व्याकरणानेच वेगळे केले आहेत. जिच्यावर वक्त्याची सत्ता चालते, जी तो करतो वा पाळतो, ती वस्तू 'आ'वर्गात जाते. जिच्यामुळे वक्त्याला आधार वा स्थान मिळते, ती 'ओ'वर्गात. आईबाप, घर आणि होडी 'ओ'वर्गात. मुले, अन्न आणि पाळीव जनावरे 'आ'वर्गात. घोडा मात्र वाहून नेणारा असल्याने 'ओ'वर्गात जातो. म्हणून 'माझी मेंढी' ह्याला 'ताकु हिपी' म्हणावे लागते, तर 'माझी भूमी' ह्याला 'तोकु फेनुआ'. 'फेनुआ' ह्या शब्दाचा दुसरा अर्थ 'वार' असा आहे, हेही येथे लक्षात घ्यावे. मराठीत 'माझी जमीन' आणि 'माझी मेंढी' ह्या दोहोंतील 'माझी' एकच आहे. इंग्रजीतही तसेच आहे, आणि विकासाचे कायदे इंग्रजीत लिहिले गेले.

व्याकरण समाजाचे धोरण ठरविते असा भाबडा निष्कर्ष ह्यावरून काढता येणार नाही. 'ओ'वर्गातील जमीनही पुष्कळ विकली गेली. तथापि हा भेद चिकित्सेचे एक साधन म्हणून उपयोगी पडतो. योजनेत जमीन समाविष्ट झाली की विकासकार्यात अडथळा येईल अशा रीतीने मंत्र्यांच्या संमतीवाचून मालकांना आपले हक्क बजावता येत नसत. कर्जाच्या फेडीसाठी दुधासायीच्या उत्पन्नाचा काही भाग परस्पर कापला जाई. म्हणजे 'आ'वर्गातील सत्ता खात्याकडे गेली. 'ओ'वर्गातील नाते मात्र अबाधित राहिले. जमीन विकली गेली नव्हती, नावे खोडली गेली नव्हती. ङातांच्या योजनेचे खरे बळ ह्या विभागणीत होते, आणि तिच्यातील धोकाही तेथेच होता.

हा धोका पुढे प्रत्यक्षात उतरला. १९३४ मध्ये चौकशी आयोगाने हिशेब व कारभार ह्यांतील अनियमिततांवर कठोर टीका केली आणि ङातांनी राजीनामा दिला. त्यानंतर नेत्यांचे वजन घटून खात्याचे वाढले. १९५३ च्या माओरी अफेअर्स कायद्याने तर पंचवीस पौंडांहून कमी किमतीच्या हिश्श्याला 'न परवडणारा' ठरवून तो माओरी ट्रस्टीमार्फत सक्तीने घेण्याची वाट मोकळी केली. १९६७ च्या दुरुस्तीने चार किंवा त्याहून कमी मालकांच्या जमिनी माओरी वर्गातून काढून सामान्य वर्गात टाकण्याची तरतूद केली.

शेकडो सूक्ष्म हिश्श्यांचा हिशेब ठेवणे ही खरीच अडचण होती, असा आक्षेप येथे घेता येईल. तो मान्य आहे. स्वतः ङातांनीही हक्कांच्या एकत्रीकरणासाठी आयुष्यभर खटपट केली. परंतु एकत्रीकरणात माणसाचा हिस्सा स्थलांतरित होतो. सक्तीच्या संपादनात माणूसच यादीतून नाहीसा होतो. 'न परवडणारा' हे विशेषण मेंढीला लावता येते, कारण मेंढी उत्पन्नासाठी पाळलेली असते. माणसाला पाय रोवून उभे राहण्याचा अधिकार देणारी जागा, जिला माओरीत 'तुराङावाएवाए' म्हणतात, तिला ते लावणे हा वर्गप्रमाद होय. त्या प्रमादाची किंमत अनेक कुटुंबांनी आपले नाव गमावून दिली. १९७४ मध्ये ही सक्ती रद्द झाली, पण एक पिढी उलटून गेल्यावर.

पर्यायी शब्द माओरी भाषेत होता. 'आहुफेनुआ' म्हणजे भूमीची जोपासना. ह्या शब्दात भूमी आणि तिच्यावरील श्रम एकत्र आहेत, पण एकाने दुसऱ्याला गिळलेले नाही. १९३२ मध्ये ङाता व गव्हर्नर-जनरल ब्लेडिस्लो ह्यांनी उत्तम माओरी शेतीसाठी जे पारितोषिक सुरू केले त्याचे नाव 'आहुफेनुआ' ठेवले. ते आजही दिले जाते. १९९३ च्या कायद्याने जमिनीला वारशाने आलेली ठेव म्हणून मान्यता दिली आणि अनेक मालकांच्या वतीने जमीन सांभाळणाऱ्या न्यासाला हेच नाव दिले. साठ वर्षे पारितोषिकावर असलेला शब्द अखेर कायद्यात आला.

तेव्हा ह्या योजनांचे मूल्यमापन किती एकर कुरण झाले आणि किती लोणी निघाले एवढ्यावर थांबू नये. कोणत्या शब्दाने कोणाचा हक्क मोजला गेला, हेही विचारले पाहिजे. आपल्या अभ्यासातही 'विकास' हा शब्द वापरताना, विकास करणारा कोण आणि ज्याचा विकास होतो त्याचे त्या वस्तूशी नाते कोणते, हे दोन प्रश्न वाक्यातच स्पष्ट व्हावेत. मराठीच्या व्याकरणात हा भेद नाही. म्हणून तो लेखकाने जाणीवपूर्वक राखावा लागतो.