४० युनिटांचा माणूस : इन्सुलिनच्या किमतीवरचा एक पेपर वाचताना

"पेपर क्रिटिकली वाचायचा म्हणजे नक्की काय करायचं?" हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलाय. पेटच्या मुलाखतीतही तो येतो, आणि उत्तर बहुतेक वेळा "सॅम्पल साइझ लहान होती" इथेच संपतं. आज मी एक असा पेपर घेते ज्यात सॅम्पलच नाही. आहे तो फक्त हिशेब. पेपर मला आवडतो आणि तो वाचून मी चिडतेही.

मार्च २०२४ मध्ये 'जामा नेटवर्क ओपन' या नियतकालिकात मेलिसा बार्बर, झिंटार्स गॉथम, हेलन बायग्रेव्ह आणि ख्रिस्ता सेपुक यांचा मधुमेहाच्या औषधांच्या किमतींवरचा अभ्यास आला. प्रश्न सरळ आहे. औषध बनवायला खरा खर्च किती येतो, आणि त्यावर रास्त नफा धरला तर ते कितीला विकता येईल? सक्रिय द्रव्याचा बाजारातला भाव, कुपी किंवा काडतूस भरण्याचा खर्च, इतर खर्च, नफा आणि कर अशी बेरीज करून ते एका आकड्यावर येतात. दिवसातून दोनदा घ्यायचं मानवी इन्सुलिन वर्षाला ६१ डॉलरमध्ये देता येईल, टोचायच्या साधनांसकट. पेन वापरून दिवसभराचं पूर्ण वेळापत्रक पाळायचं असेल तर मानवी इन्सुलिनचे ९६ आणि अ‍ॅनालॉग इन्सुलिनचे १११ डॉलर.

आधी चांगलं काय ते सांगते. कंपन्या खर्च सांगत नाहीत. ते गुपित आहे असं म्हणून गप्प बसण्याऐवजी या लोकांनी व्यापाराच्या नोंदींतून आकडा बाहेर काढला. जगातल्या इन्सुलिन बाजाराचा ९० टक्क्यांहून जास्त हिस्सा नोवो नॉर्डिस्क, एलाय लिली आणि सनोफी या तिघांकडे असताना असा आकडा टेबलावर ठेवणं ही लहान गोष्ट नाही. पुढच्या वेळी "संशोधनाचा खर्च फार आहे" असं कोणी म्हणालं, तर हातात काहीतरी असतं.

पद्धतीतली एक अडचण मात्र तुम्ही स्वतः शोधायला हवी होती. इन्सुलिनचं सक्रिय द्रव्य मोठ्या कंपन्या बहुतांशी स्वतःच बनवतात आणि स्वतःच वापरतात. बाजारात जे विकलं जातं ते त्या मानाने थोडं. मग त्या थोड्या मालाचा भाव म्हणजे बनवण्याचा खर्च, असं कसं धरायचं? तो खर्चापेक्षा वर असेल, कदाचित खूप वर. म्हणजे ६१ डॉलर हा आकडा फुगलेला असू शकतो. गंमत अशी की ही चूक लेखकांच्या बाजूने नाही, विरुद्ध जाते. पेपरवर टीका करताना चुकीची दिशाही सांगा. नुसतं "लिमिटेशन आहे" म्हणून सोडू नका.

आता चिडण्याचं कारण. माझे मामा चाकणला, म्हाळुंग्याच्या बाजूला एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहेत. आठ वर्षं झाली, सकाळ-संध्याकाळ प्रीमिक्स इन्सुलिन घेतात. पेपर वाचला त्या रात्री मी त्यांच्यासाठी हिशेब मांडला. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेबासाठीचा दैनिक डोस ४० युनिट, आणि मामांचाही साधारण तेवढाच. वर्षाला १४,६०० युनिट. आपल्याकडची साधी कुपी १० मिलिलिटरची, ४० युनिट प्रति मिलिलिटर, म्हणजे ४०० युनिटची. वर्षाला साडेछत्तीस कुप्या. आमच्याकडच्या दुकानात कुपी १६० रुपयांना मिळाली. झाले ५,८४० रुपये.

तेव्हाच्या दराने ६१ डॉलर म्हणजे पाच हजारांच्या थोडं वर. मी दोनदा तपासलं. पेपर ज्या किमतीला 'शक्य' म्हणतो तिच्या जवळपास कुपी आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये आजच मिळते, तीही दुकानदाराचं मार्जिन धरून! (तुलना अगदी काटेकोर नाही. पेपरच्या आकड्यात सुई आहे, दुकानाचं मार्जिन नाही. माझ्या आकड्यात उलट आहे.) यामागे स्पर्धा आहे. २००३ मध्ये वोक्हार्टने 'वोसुलिन' आणलं, २००४ मध्ये बायोकॉनने 'इन्सुजेन'. दोन्ही यीस्टमध्ये बनवलेलं, दोन्ही देशी. तेव्हापासून साध्या कुपीचा बाजार असा आहे.

मग मामांना इन्सुलिन महाग का पडतं?

त्याच दुकानात मी सिरिंजचा भाव विचारला. ७ रुपये. दिवसाला दोन, वर्षाला ७३०, म्हणजे ५,११० रुपये. ग्लुकोमीटरची पट्टी १८ रुपये. रोज एक धरली तरी ६,५७०. एकूण १७,५२० रुपये, आणि त्यात इन्सुलिन बरोबर एक तृतीयांश. (बरोबर हा निव्वळ योगायोग. भाव एक रुपया हलला तर जातो.) या तीन ओळी मांडल्यावर समजा कुपी २० टक्क्यांनी स्वस्त केली. वाचले १,१६८ रुपये. एकूण खर्चाच्या सात टक्केही नाहीत. प्रत्यक्षात मामा पैसे कुठे वाचवतात? एक सिरिंज आठवडाभर वापरतात आणि पट्टी 'चक्कर आली तरच' लावतात. म्हणजे बचत होतेच आहे, फक्त ती पेपरच्या बाहेर होते आहे.

सुईचा खर्च पेपरने धरला, पट्टीचा नाही. पट्टी औषध नाही म्हणून. पण पट्टीशिवाय इन्सुलिन घेणं म्हणजे काटा नसलेल्या गाडीत पेट्रोल भरणं.

आता 'दिवसातून दोनदा' हे शब्द बघा. सगळ्यात स्वस्त पर्याय तोच आहे. प्रीमिक्स टोचलं की अर्ध्या तासात जेवायला हवं, आणि जेवण रोज साधारण त्याच वेळी हवं. मामांची पाळी दर आठवड्याला बदलते. पहिली, दुसरी, रात्रपाळी. लाइन थांबली नाही की जेवणाची सुट्टी पुढे जाते. शुगर खाली गेली तर खिशातली साखर खायची. आणि त्या दिवशी काम सुटलं तर दिवसाचा पगार आणि हजेरीचा बोनस दोन्ही गेले. स्वस्त कुपीचा हा खर्च कुठल्याच रकान्यात नाही. पेपरमधला ४० युनिटांचा माणूस वेळेवर जेवतो.

कोणी म्हणेल, अ‍ॅनालॉगवरून मानवी इन्सुलिनवर आणलं तरी काही बिघडत नाही, हे तर सिद्ध झालंय. हो, २०१९ मध्ये 'जामा'मध्ये एक मोठा अभ्यास आला. अमेरिकेतल्या मेडिकेअरच्या १४,६३५ रुग्णांना एका योजनेत मानवी इन्सुलिनवर आणलं, आणि एचबीए१सीमधली वाढ नगण्य होती, ०.१४ टक्के. खर्च वाचवण्यासाठी हा फार भक्कम पुरावा आहे. पण ते रुग्ण कोण? बहुतेक सत्तरीच्या आसपासचे निवृत्त लोक. रात्रपाळी नाही, कँटीनची रांग नाही. हा निष्कर्ष खोटा नाही, फक्त तो नाणेकरवाडीपर्यंत पोचतो की नाही हे कोणी तपासलेलं नाही. 'एक्स्टर्नल व्हॅलिडिटी' ही व्याख्या पाठ करण्याऐवजी हे उदाहरण लक्षात ठेवा.

आणखी एक सवय सोडा. अमेरिकेतल्या उपायांची यादी जशीच्या तशी प्रस्तावात टाकणं. २०२३ पासून मेडिकेअरमध्ये महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा आली. त्याच वर्षी लिलीने काही इन्सुलिनची छापील किंमत ७० टक्क्यांनी कमी केली. ३५ डॉलरच्या मर्यादेने रुग्णाच्या खिशातून जाणारा पैसा कमी झाला, कंपनीला मिळणारी किंमत नाही. फरक विमा भरतो. जिथे बहुतेक लोक काउंटरवर रोख देतात तिथे हा उपाय कशावर लावणार?

आपल्याकडे उपाय वेगळा आहे आणि त्याच्यावर टीकाही वेगळी हवी. १९९५ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात कमाल किंमत उत्पादनखर्चावरून ठरायची. २०१३ च्या आदेशाने ते बदललं. आता बाजारात किमान एक टक्का हिस्सा असलेल्या ब्रँडांच्या किमतींची सरासरी काढून तिच्यावर दुकानदाराचं १६ टक्के मार्जिन लावतात. म्हणजे पेपर जी पद्धत जगाला सुचवतो आहे, ती आपण वापरून सोडून दिली! साध्या कुपीला याने फारसा फरक पडत नाही, कारण स्पर्धेने भाव आधीच खाली आहेत. ग्लार्जिन २०२२ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आलं. तिथे फरक पडतो, कारण ज्या बाजारात विक्रेते मोजके असतात तिथे सरासरीही त्यांचीच असते. माझ्या दुकानातल्या भावाने ग्लार्जिनचं एक युनिट साध्या कुपीतल्या युनिटच्या चौपटीहून महाग पडतं. पेपरप्रमाणे हे अंतर १११ विरुद्ध ९६ एवढंच असायला हवं. मला विचाराल तर पेपरची खरी ताकद या एका तुलनेत आहे, आणि लेखकांनी भारतासाठी ती वापरलेली नाही.

शिवाय किमतीला छत घातलं म्हणून कंपनी तो माल बनवतच राहील असं नाही. २०२५ मध्ये नोवो नॉर्डिस्कने ह्यूमन मिक्स्टार्डचं पेनमधलं रूप भारतात टप्प्याटप्प्याने बंद करत असल्याचं सांगितलं, कुपी ठेवली. ज्यांना पेनवरून कुपीवर यावं लागतं त्यांच्यासाठी एक सूचना, परीक्षेसाठी नाही, घरासाठी : पेनचं काडतूस १०० युनिट प्रति मिलिलिटरचं असतं, कुपी बहुधा ४० ची. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, केशरी १०० साठी. काडतुसातलं औषध लाल टोपीच्या सिरिंजने ओढलं तर अडीचपट डोस जातो. बदल डॉक्टरांना विचारूनच.

आमच्या भागात हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "एचए कंपनीत बनवा ना!" पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पेनिसिलिनसाठी उभा राहिला. सरकारने स्वतः औषध बनवावं हा विचार इथे नवा नाही, आणि मला तो वेडगळ वाटत नाही. पण टाकी आहे म्हणून इन्सुलिन होत नाही. पेनिसिलिन लहान रेणू आहे, बुरशी तो स्वतःच बनवते. इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचं प्रथिन. त्याचे बंध बरोबर जुळायला हवेत, ते शुद्ध करायला हवं, मूळ औषधासारखंच आहे हे सिद्ध करायला हवं. खर्च टाकीत कमी आणि पुढच्या टप्प्यांत जास्त. प्रस्ताव लिहिणार असाल तर तिथून सुरुवात करा.

स्वस्त साठवणुकीचं मात्र चांगलं काम झालंय. जिनिव्हा विद्यापीठ आणि एमएसएफ यांच्या २०२१ च्या अभ्यासात दिसलं की २५ ते ३७ अंशांत वरखाली होणाऱ्या तापमानात चार आठवडे ठेवलेलं इन्सुलिन थंडीत ठेवलेल्याइतकंच टिकतं. तापमान केनियातल्या दादाब छावणीतल्या घरांतून मोजलेलं होतं. खराबवाडीत पत्र्याच्या खोलीत पाच जण राहतात आणि फ्रिज नसतो, त्यांच्यासाठी हा निष्कर्ष कुठल्याही सवलतीपेक्षा कामाचा आहे. पत्र्याखाली मे महिन्यात ३७ च्या वर जातं का, हे कोणी मोजलंय? एम.एस्सी.च्या डिझर्टेशनला विषय हवा असेल तर घ्या. थर्मामीटर आणि माठ, एवढंच लागेल.

शेवटी ईएसआय. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के हिस्सा भरला जातो, आणि इन्सुलिन फुकट मिळतं. मामांसाठी खर्च शून्यावर आणणारा उपाय हा एकच, आणि ६१ डॉलरच्या पेपरला त्याची गरजही पडत नाही. पण औषध आणायला चाकणचा तळेगाव चौक, मोशी, नाशिक फाटा करत चिंचवडला मोहननगरपर्यंत जायचं म्हणजे एक खाडा. आणि कंत्राटदार बदलला की नाव नव्याने चढेपर्यंत मध्ये किती दिवस जातील याची खात्री नाही. गेल्या वर्षी मामांचे सात आठवडे असे गेले. तेव्हा त्यांनी संध्याकाळचा डोस निम्मा केला होता. मला हे तेव्हा कळलंच नाही.

आता मी त्यांच्याकडून वही लिहून घेते. तारीख, पाळी, जेवणाची वेळ, युनिट, सिरिंज कितव्यांदा. पट्टीचा रकाना अजून बहुतेक रिकामाच असतो.