‘स्मृतिचित्रे’तील क्षमाभाव : सोसणे आणि सोडणे

मराठी आत्मचरित्रपर वाङ्मयात लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे स्थान निर्विवाद आहे. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथातील प्रांजळपणा, विनोद व बोलभाषा यांची चर्चा विपुल झाली. लेखिकेच्या आध्यात्मिक जडणघडणीतील क्षमाभाव मात्र सहसा ‘सोशिकता’ या शब्दाखाली झाकला जातो. प्रस्तुत लेखात या शब्दालाच हरकत घ्यावयाची आहे.

सोशिकता ही पर्याय नसलेल्याची अवस्था असते. क्षमा ही कृती असते. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील प्रार्थनेत अपराधाला ऋण मानले आहे आणि तेथील मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘सोडून देणे’ असा आहे. अठराव्या अध्यायातील निर्दय चाकराचा दृष्टान्तही देण्याघेण्याच्याच भाषेत येतो. ऋण सोडावयाचे तर ते किती, हे आधी मांडावे लागते. विसरलेले ऋण सोडता येत नाही.

लक्ष्मीबाई हा हिशेब चोख मांडतात. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा पत्नी व लहानगा दत्तू मागे राहिले. विरहाची ती वर्षे, नातलगांचा आश्रय, मनाची दैना यांतील काहीही त्या सौम्य करीत नाहीत. टिळकांचा तापट स्वभाव व हाती न टिकणारा पैसा यांनाही पुस्तकात भरपूर जागा मिळते. टिळक १९१९ साली निवर्तले, लेखन त्यानंतरचे. अपराधी हयात नसताना लिहिलेल्या आठवणींत एक तर त्याचे दैवतीकरण होते, नाही तर उणीदुणी निघतात. लक्ष्मीबाई दोन्हींतून सुटतात, कारण त्या स्वतःच्या फजितीलाही तितक्याच मोकळेपणी हसतात. दृष्टान्तातील चाकर नेमके हेच विसरला होता, की आपणही ऋणकोच आहोत.

वडिलांचे चित्र या दृष्टीने अधिक बोलके आहे. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेणाऱ्या या गृहस्थांच्या सोवळ्याने कुटुंब जेरीस आले होते. परंतु लेखिका आधी १८५७ च्या बंडात आजोबांना झालेली फाशी सांगते आणि मग वडिलांचे वेड. कारण कळते, पण जाच लपत नाही.

क्षमा हे धर्मांतराचे फळ, असे समीकरण येथे मांडता येत नाही. लक्ष्मीबाई टिळकांकडे परतल्या त्या आपले सोवळे सांभाळून. जातिभेद मनातून गळाला तोही बाप्तिस्म्याआधी. बाप्तिस्मा १९०० साली. क्रम पाहता क्षमा हीच त्यांची वाट ठरली, मुक्काम नव्हे. त्या काळच्या परित्यक्तेला परतण्याखेरीज मार्ग तरी कोणता होता, हा स्त्रीवादी आक्षेप रास्त आहे, आणि परतण्यामागे निव्वळ क्षमाच होती असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. मात्र लिहावयास बसलेल्या प्रौढ विधवेवर ही सक्ती उरली नव्हती. आक्षेप संसाराला लागू पडतो, ग्रंथाला तितकासा नाही.

टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेण्याचे कामही लक्ष्मीबाईंनीच अंगावर घेतले. ज्या श्रद्धेपायी घर मोडले, तिचेच हे काव्य. त्यातील क्षमेचे प्रसंग ‘स्मृतिचित्रे’शेजारी ठेवून वाचावयास हवेत; ओवी रचणारी आणि आठवणी सांगणारी लक्ष्मीबाई तेथे एकच बोलते की नाही, हे त्यातून तपासता येईल.