स्थायी ओळखक्रमांक आणि स्थळाचा प्रश्न

खुली संशोधन-सामग्री दीर्घकाळ सापडावी, यासाठी तिला स्थायी ओळखक्रमांक द्यावा, हे मत आता सर्वमान्य झाले आहे. 2009 मध्ये स्थापन झालेली डेटासाइट ही संस्था आपल्या सभासद-संस्थांच्या द्वारे सामग्रीला डीओआय क्रमांक देते. 2012 पासून ऑर्किड संशोधकाला, तर 2019 पासून आर. ओ. आर. संशोधन-संस्थेला क्रमांक देते. या सेवांनी परस्परांच्या नोंदी जोडल्या म्हणजे समन्वय साधला, असे सामान्यतः समजले जाते. ही समजूत कितपत ग्राह्य आहे, याची परीक्षा एका गावाच्या उदाहरणाने करता येईल.

पालघर-बोईसर मार्गावरील कोळगाव येथे आज पालघर जिल्ह्याचे मुख्यालय आहे. 2011 च्या जनगणनेत मात्र हे गाव ठाणे जिल्ह्यात मोजले गेले. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी वेगळा झाला. त्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या 1,10,60,148 होती. तीतून पालघरच्या वाट्याचे 29,90,116 लोक वजा केल्यास 80,70,032 उरतात. 'ठाणे जिल्हा, 2011' या एकाच नावाखाली हे दोन्ही आकडे संभवतात आणि आपापल्या सीमेपुरते दोन्ही खरे आहेत. ज्या कोष्टकात सीमेचा उल्लेख नाही, त्याला डीओआय लाभला तरी ते कोष्टक तेवढे सापडते. त्याचा अर्थ निश्चित होत नाही.

केवळ नावाचा आधार याहूनही दुबळा होय. कोळगाव नावाचे गाव श्रीगोंदे तालुक्यात आहे, तसेच सावंतवाडी तालुक्यातही आहे. शिवाय श्रीगोंदे ज्या जिल्ह्यात मोडते, त्या अहमदनगरचे नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झाले. 2011 च्या जनगणनेने प्रत्येक महसुली गावास सहा अंकी क्रमांक दिला व त्यात जिल्ह्याचा अंक गोवला नाही, हे धोरण म्हणूनच दूरदृष्टीचे ठरते. जिल्हा बदलला, तरी असा क्रमांक बदलण्याचे कारण उरत नाही.

आता डेटासाइटच्या नोंदपत्राकडे पाहावे. त्यात कर्त्यासाठी व संस्थेसाठी ओळखक्रमांकाची तरतूद आहे. स्थळाचे नाव मात्र मुक्तपणे लिहावयाचे असते. तारापूर औद्योगिक क्षेत्रालगतच्या विहिरींच्या पाण्याची तपासणी करणारा संशोधक तेथे 'कोळगाव, ठाणे' असे लिहील, दुसरा 'कोळगाव, पालघर' असे लिहील आणि यंत्राच्या दृष्टीने ती दोन गावे ठरतील. अक्षांश-रेखांशांची सोय आहे, हा आक्षेप येथे घेतला जाईल. विहिरीपुरता तो रास्त आहे. परंतु लोकसंख्या बिंदूवर मोजली जात नाही, ती सीमेच्या आत मोजली जाते.

तात्पर्य, स्थायित्व हा अंकांचा गुण नसून अंक सांभाळणाऱ्यांच्या व्यवहाराचा गुण आहे. सामग्रीचे ठिकाण बदलल्यावर नवा पत्ता नोंदविणे, सीमा बदलल्यावर नव्या कोष्टकास नवा क्रमांक देऊन जुन्याशी असलेले नाते स्पष्ट करणे, ही कामे कोणीतरी नित्य करावी लागतात. विद्यापीठीय विभागांपुरते बोलावयाचे, तर प्रबंधातील प्रत्येक गावापुढे जनगणनेचा क्रमांक व वर्ष आणि प्रत्येक जिल्ह्यापुढे सीमेचे वर्ष लिहिण्याचा दंडक घालता येईल. त्यासाठी कोणत्याही आंतरराष्ट्रीय सेवेची वाट पाहण्याचे कारण नाही.